पाकिटाची मागची बाजू

माझ्या मुलीने मला पहिला जपानी शब्द वाचून दाखवला तो दवाखान्यात. ती तेव्हा पाच वर्षांचीही झाली नव्हती. तिचा चौदा महिन्यांचा भाऊ माझ्या मांडीवर औषधाच्या गुंगीत झोपला होता. त्याचे ओठ अजून सुजलेले होते, गालांवर आणि मानेवर लाल गांधी होत्या. तासभर बसा, मग पुन्हा तपासू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलीला कंटाळा आला. तिने माझ्या पिशवीतून खाऊचं अर्धं संपलेलं पाकीट काढलं, त्यावरच्या मोठ्या गोलसर अक्षरांवर एकेक करून बोट ठेवलं आणि म्हणाली, "ता. मा. गो." मग मला कळलं नसेल असं वाटून तिने मराठीतही सांगितलं. "अंडं, आई."

मुलाला अंडं चालत नाही हे आम्हाला काही महिने आधीच कळलं होतं. पहिल्यांदा उकडलेल्या अंड्याचा बलक भरवला तेव्हा अंगभर पुरळ उठलं, रक्त तपासलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली अंडी बंद झाली. आणि हे पाकीट मी स्वतः, दोनच तासांपूर्वी, आम्ही राहतो त्या ओजिमा भागातल्या नेहमीच्या दुकानात लहान मुलांच्या खाऊच्या फळीवरून उचललं होतं. त्यावर हसऱ्या बाळाचं चित्र होतं. आत बोराएवढ्या गोल गोळ्या होत्या, जिभेवर ठेवल्या की विरघळणाऱ्या. आणि पाकिटावर ती तीन अक्षरं होती, लांबूनही दिसतील एवढी मोठी. मला ती वाचता येत नव्हती.

जपानला येऊन मला तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

तीन वर्षं एका लिपीशिवाय निघाली ती अशी. नवऱ्याला पुण्यातल्या कंपनीने इकडच्या कामावर पाठवलं ते दोन वर्षांसाठी म्हणून. मी बँकेतली नोकरी सोडून मुलीला घेऊन मागून आले. दोन वर्षांसाठी काय शिकायचं, असं म्हणता म्हणता दोनाची तीन होत आली, मुलगा इथेच झाला आणि परत जायची तारीख पुढे पुढे सरकत गेली. आम्ही राहतो ती उंच उंच इमारतींची सरकारी वसाहत. आमच्या जिन्यावरच तीन भारतीय बिऱ्हाडं, खाली बागेत हिंदी, तेलुगू, मराठी सगळं कानावर पडायचं. घरी आलेली पत्रं नवरा ऑफिसात नेऊन कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. दुकानात मी फोनचा कॅमेरा पाकिटावर धरायची, फोन त्याचं तोडकंमोडकं इंग्रजी करून द्यायचा. त्यावर भागत होतं.

फक्त फोन धरायला एक हात मोकळा लागतो. दोन मुलं घेऊन दुकानात गेल्यावर मला हात नसायचाच.

जाण्यायेण्यापासून सांगते. इथे आया ज्या सायकली वापरतात त्यांना मामाचारी म्हणतात. माझ्या सायकलीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन खुर्च्या होत्या. पुढे मुलगा, मागे मुलगी, दोघांची हेल्मेटं, दोघांचे पट्टे. घरातून निघून सायकल हलेपर्यंत वीस मिनिटं जायची. दुकानात मुलीला लहान मुलांची, झेंडा लावलेली छोटी ढकलगाडी हवी असे, आणि ती गाडी लोकांच्या घोट्यांवर आपटत असे. मुलगा माझ्या गाडीत बसून हाताला येईल ते आत टाकायचा. मासळीच्या कोपऱ्यात दिवसभर एकच गाणं वाजायचं आणि त्या गाण्यापाशी मुलगी थांबून नाचायची. पैसे देऊन झाले की पलीकडच्या लांब टेबलावर आपलं सामान आपणच भरायचं. तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या सुटाव्यात म्हणून ओला स्पंज ठेवलेला असतो. त्या स्पंजावरून दोघांची भांडणं. त्या दिवशीही असंच काहीतरी चाललं होतं. मुलगा रडत होता, फळ्यांमधल्या वाटेत आमच्या गाडीमागे म्हातारी माणसं शांतपणे थांबली होती, मी बाळाचं चित्र बघितलं आणि पाकीट उचललं. पाकीट फोडलं तेही तिथेच, सामान भरताना, तो गप्प राहावा म्हणून.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या. तासाभराने त्यांनी मुलाला पुन्हा तपासलं आणि आता ठीक आहे असं सांगितलं. मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. हे का दिलं असंही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर अंड्यासाठी इथे जे जे लिहितात ते सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं. आधी ती तीन गोल अक्षरं. खाली एक चिनी अक्षर, शेजारी शेजारी दोन खोल्या आणि प्रत्येक खोलीत एक टिंब असल्यासारखं. त्याच्याही खाली आणखी एक पद्धत, टोकदार अक्षरांची. मग पाकीट उलटं करून मागच्या बारीक मजकुरात ते दोन खोल्यांचं अक्षर कुठे आहे ते पेनने गोल करून दाखवलं. इथे डॉक्टरही मुलाच्या आईला 'आई'च म्हणतात. त्या सावकाश म्हणाल्या, आणि मुलीने मला भाषांतर करून सांगितलं, "त्या म्हणतात, आई, पुढची बाजू बघू नका. मागची बघा."

तेवढ्यात नवरा ऑफिसातून धावत आला. घरी जाताना तो म्हणाला की आपण आता सगळं सामान घरीच मागवू, इंग्रजीत यादी असलेल्या ठिकाणाहून. दुकानात जायलाच नको. त्याच्या मनात माझी सोय होती, पण मला ते शिक्षेसारखं लागलं.

"मी वाचायला शिकते," मी म्हटलं. "दुकानात मीच जाणार."

वॉर्डाच्या सभागृहात दर मंगळवारी परदेशी लोकांना जपानी शिकवायचे. शिकवणारे निवृत्त लोक होते, फी नव्हती. मुलाला पाठीशी बांधून मी जायला लागले. दोन महिन्यांत गोल अक्षरं आली, मग टोकदार अक्षरं, मग चिनी अक्षरांतली अगदी थोडी, तीही सगळी पाकिटांच्या मागच्या बाजूची. अंडं, दूध, गहू, साखर, मीठ. मला रस्त्यांची नावं वाचता येत नव्हती, पण अंड्याच्या पांढऱ्याला काय लिहितात आणि बलकाला काय, ते येत होतं. तेव्हा कळलं की अंडं कुठे कुठे असतं. पावात, नूडल्समध्ये, मासळीच्या वड्यांमध्ये. वरून चकाकी यावी म्हणून बिस्किटावर फासलेलं. आधी पाऊण तासात होणारा बाजार आता दीड-दोन तासांवर गेला.

मला निवांत वाटायचं ते फक्त फुनाबोरीला. महिन्यातून एकदा आम्ही तिथल्या भारतीय किराणा दुकानात जायचो, तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गोडा मसाल्याचं सामान आणायला. ओजिमाहून दोनच स्टेशनं. गाडी भुयारातून वर येते आणि रुंद नदीवरच्या पुलावरून जाते, तेव्हा दोन्ही मुलं खिडकीला नाक लावून बसायची. त्या दुकानात सगळ्या पिशव्यांवर इंग्रजी, काहींवर देवनागरीसुद्धा. मी वस्तू उचलायची, बघायची, ठेवायची, पुन्हा उचलायची, आणि हे सगळं पटापट. दुकानदार मला ताई म्हणायचा. नवरा म्हणायचा, तू इथे आलीस की तुझा चालण्याचा वेगच बदलतो.

मुलगी मात्र सगळीकडे सारख्याच वेगाने वाचत होती. होइकुएनमध्ये, म्हणजे ती जायची त्या पाळणाघरात, शिकवण्याआधीच मुलं एकमेकांचं बघून वाचायला लागतात. शिवाय डॉक्टरांचा कागद आम्ही फ्रिजवर लावला होता. त्या दोन खोल्यांच्या अक्षराला ती 'दोन डोळ्यांचं' म्हणायची. सहा वर्षांची होईपर्यंत ती माझ्याहून लवकर ते शोधून काढायला लागली. मी पाकीट तिच्याकडे द्यायची, ती ते उलटं करायची, बोट ओळींवरून फिरवायची आणि निकाल सांगायची. "हाइत्तेरु," म्हणजे आहे. "हाइत्तेनाइ," म्हणजे नाही. मी मराठीत विचारायची आणि ती जपानीत उत्तर द्यायची. आमचा सगळा बाजार असा दोन भाषांत चालायचा.

मला ते फार सोयीचं झालं, हे मान्य केलं पाहिजे. मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगायची. व्हिडिओ कॉलवर माझ्या सासूबाई म्हणायच्या, "बघा, आमची नात केवढी जबाबदार." आणि ती ऐकत असायची. मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याने हे पक्कं ओळखलं होतं की दुकानात आईला विचारून उपयोग नाही. तो हातातलं पाकीट थेट बहिणीपुढे धरायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. ती 'हाइत्तेरु' म्हणाली की तो जमिनीवर लोळण घ्यायचा. एकदा त्याने तेच पाकीट तिच्या तोंडावर मारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती ते पाकीट फळीवर जागच्या जागी ठेवून आली. मी त्याला उचललं, रागावले, आणि तिला म्हटलं, "जाऊ दे, लहान आहे तो." तिने मान डोलावली. मला वाटलं, संपलं.

तो अडीच वर्षांचा असताना मला एका भारतीय कंपनीच्या इथल्या ऑफिसात अर्धवेळ काम मिळालं आणि त्यालाही होइकुएनमध्ये जागा मिळाली. गुरुवारी मला सुट्टी असायची. पहिल्या गुरुवारी दोघांना सोडून मी एकटी दुकानात गेले. सायकलीच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या असल्यामुळे ती हलकी होऊन डोलत होती. दुकानात मी गाडी घेतली, भाज्या घेतल्या, टोफू घेतला आणि एक पाकीट उलटं करून मोठ्याने म्हणाले, "हाइत्तेनाइ." शेजारची बाई दचकून बाजूला झाली. मग मी मनातल्या मनात वाचायला लागले. अठरा मिनिटांत सगळं झालं. पैसे देऊन, सामान भरून मी बाहेर आले आणि आता काय करायचं ते सुचेना. घरी जाऊन झाडूपोछा करता आला असता. मी दुकानामागच्या एका कोनबिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, कॉफी घेतली आणि तिथल्या कठड्यावर बसून प्याले. आमच्या नेहमीच्या दुकानाला मागच्या बाजूला एक लांब खिडकी होती आणि तिथे फुलांच्या कुंड्या विकायला ठेवलेल्या होत्या. चार वर्षं मी तिथे येत होते आणि ती खिडकी मी त्या दिवशी प्रथम पाहिली. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. त्या गुरुवारांची मी वाट बघायला लागले. घरी ते कुणाला सांगितलं नाही.

मुलगी पहिलीत गेली आणि इथल्या सगळ्या पहिलीच्या मुलांसारखी पिवळी टोपी घालून एकटी चालत शाळेत जायला लागली. त्यानंतर तिने दुकानात एकटीने जायची मागणी सुरू केली. तिच्या वर्गातले काही जण जात होते. मी नाही म्हणत राहिले. शाळेत जातेच ना एकटी, असं ती म्हणायची. पुण्यात सात वर्षांच्या मुलीला मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकटं पाठवलं नसतं, हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिला पुण्याचा वाणीच माहीत नव्हता.

जूनमधला एक दिवस होता. मुलाला ताप आला होता, नवरा कामासाठी दोन दिवस ओसाकाला गेला होता, आणि घरात दूध, केळी, पाव काहीच नव्हतं. मुलगी शाळेतून आली, दप्तर ठेवलं, भावाच्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "आई, मी जाऊन येते."

 मी यादी लिहून दिली, तीनच वस्तूंची. पाव नेहमीचाच, निळ्या पाकिटातला. कापडी पिशवी दिली, पैशांचं छोटं पाकीट गळ्यात अडकवलं. सिग्नलला हात वर करून रस्ता ओलांडायचा, कुणाशी बोलत बसायचं नाही, सरळ परत यायचं. ती सगळ्याला "दाइजोबु" म्हणत होती, म्हणजे काही काळजी करू नकोस. आमचं घर नवव्या मजल्यावर. मी गॅलरीत उभी राहिले. खाली चौकातून पिवळी टोपी जाताना दिसली, ती झाडांच्या खाली शिरली आणि मग काही दिसेना.

जायला सात मिनिटं, यायला सात, आत दहा. अर्ध्या तासात ती यायला हवी होती. अर्धा तास झाला. मी मुलाच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि पुन्हा गॅलरीत गेले. चाळीस मिनिटं झाली. तिला आम्ही फोन घेऊन दिला नव्हता. दुसरीत गेल्यावर घेऊ असं ठरलं होतं. दुकानाचा नंबर माझ्याकडे नव्हता. शेजारची तेलुगू बाई कामावर गेलेली. पन्नास मिनिटं झाली तेव्हा मी झोपलेल्या मुलाला चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं, चपला घातल्या आणि लिफ्टपाशी गेले. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत असल्यासारखी वाटली. खाली दार उघडलं तर समोर ती उभी होती, वर जाण्यासाठी बटण दाबून. टोपी मागे सरकली होती आणि पिशवी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

मी तिला काही बोलणार होते. तिनेच आधी सांगितलं, "पाव नाही आणला."

वर आल्यावर, मुलाला पुन्हा अंथरुणावर टाकल्यावर, मी पिशवी बघितली. दूध होतं, केळी होती. यादी घामाने चुरगळली होती. मी तिला पाणी दिलं आणि उशीर का झाला ते विचारलं. तिने हळूहळू सांगितलं. निळं पाकीट संपलं होतं. मग तिने दुसरं पाकीट उचलून मागे वाचलं, त्यात अंडं होतं. तिसऱ्यात होतं. चौथ्यात तिला दोन डोळ्यांचं अक्षर दिसलं नाही, पण तिला न येणारी पुष्कळ अक्षरं होती, आणि त्यातलं एखादं तेच असलं तर, असं तिला वाटलं. मग तिने फळीवरचे सगळेच पाव एकेक करून वाचले. दुकानातल्या एका काकूंनी तिला बघितलं आणि काय हवंय ते विचारलं. त्यांनी चौथं पाकीट वाचून ह्यात अंडं नाही असं सांगितलंही.

"मग घ्यायचं ना," मी म्हटलं.

ती म्हणाली, "त्यांना आपलं बाळ माहीत नाही ना." मग म्हणाली, "मी चुकले तर त्याचे ओठ परत तसे होतील. मग तू म्हणशील, तूच तर वाचलं होतंस."

हे ती मराठीत म्हणाली, सबंध वाक्य. तेव्हा ती सहसा मराठीत उत्तर द्यायची नाही.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. दवाखान्यातल्या त्या बाकावर ती माझ्या शेजारी होती, हे मी विसरूनच गेले होते. मला वाटत होतं, तो दिवस फक्त माझा होता, लाज माझी आणि चूकही माझी. तिने त्यातलं काय काय उचलून ठेवलं होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. आणि मी तर दर आठवड्याला तिच्या हातात पाकीट देत होते. मी तिला सांगितलं की तेव्हा चूक मी केली होती, तिने नाही. तिने तर मला वाचून दाखवलं होतं. तिने विचारलं, मी दुकानातच आधी वाचलं असतं तर? ती दुकानात माझ्या शेजारीच उभी होती, तिला वाचता येत होतं, पण ती स्पंजाशी खेळत होती. दोन वर्षं ती हे मनात घेऊन होती.

"तू पाच वर्षांचीही नव्हतीस," मी म्हटलं. "खेळायचंच असतं तेव्हा. वाचायचं काम माझं होतं. यापुढे मीच वाचणार."

ती म्हणाली, "तू हळू वाचतेस."

"हळू तर हळू. दुकान कुठे पळून जात नाही."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "परवा मी आलो की मुलाला माझ्याकडे ठेव. तुम्ही दोघीच जा कुठेतरी."

आम्ही दुसरीकडे कुठे गेलो नाही. शनिवारी मुलाचा ताप उतरला होता, आणि मी मुलीला म्हटलं की चल, दुकानात जाऊ, फक्त आपण दोघी. यादी नाही, सायकलही नाही. आम्ही चालत गेलो. सात मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला वीस लागली, कारण तिला कालव्यातली बदकं मोजायची होती. दुकानात शिरल्यावर तिने सवयीने पहिलंच पाकीट उचललं आणि उलटं केलं.

"आज मागची बाजू वाचायची नाही," मी म्हटलं.

"मग काय वाचायचं?"

"पुढची. चित्रं बघ. तुला काय खावंसं वाटतंय ते घे. तुझ्या एकटीसाठी."

तिला ते जमेना. ती बिस्किटांपाशी गेली, परत आली, आइस्क्रीमपाशी गेली, परत आली. शेवटी थंड कपाटासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली. तिथे छोट्या कपांत पुडिंग होतं, पिवळं, खाली काळपट साखरेचा थर असलेलं. ते अंड्याचंच करतात, हे तिला पाकीट न वाचताही माहीत होतं. होइकुएनमध्ये इतर मुलांना ते मिळायचं. तिलाही मिळायचं, पण भाऊ पलीकडच्या वर्गात असतो म्हणून ती नको म्हणायची, हे तिने मला त्या कपाटासमोर सांगितलं. मी तिथे उभी राहून ते ऐकलं. गार हवा पायांवर येत होती.

"घे," मी म्हटलं. "दोन घे. मी पण खाते."

चौकातल्या बाकावर बसून आम्ही ते खाल्लं. तिने अगदी बारीक बारीक चमचे घेतले. मलाही अंडं खाऊन दोन वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते फार गोड लागलं. तिने कप निपटून काढला. मग आम्ही बागेतल्या नळावर हात धुतले, तोंड धुतलं, कप तिथेच विसळून पिशवीत टाकले.

"त्याला सांगायचं का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सांगू, लपवायचं कशाला. घरी जाऊन तिने स्वतःच त्याला सांगितलं, जपानीत, की मी पुडिंग खाल्लं, तुला चालत नाही म्हणून तुला आणलं नाही. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. त्याने एवढंच विचारलं की बदकं किती होती.

त्यानंतर पाकिटं मी वाचते. पहिले काही महिने ती माझ्या खांद्याआडून वाचून घेत असे. मी पाकीट ठेवलं की ती हळूच उलटं करून खात्री करायची, आणि मी न पाहिल्यासारखं करायची. मग ते कमी झालं. आता ती तिसरीत आहे आणि दुकानात यायलाच तयार नसते. मैत्रिणीकडे जायचं असतं, नाहीतर पुस्तक वाचायचं असतं. मुलगा येतो, पण तो स्वतःच वाचतो, चुकतो, विचारतो. कधी तो मला ओढून मासळीच्या गाण्यापाशी नेतो, कधी मीच एकटी जाते आणि गुरुवारसारखी वीस मिनिटांत परत येते. कुठलं अधिक आवडतं ते मला सांगता येणार नाही. एकटी असले की मी दुकान बघते, तो बरोबर असला की मला फक्त तो दिसतो.

ह्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या की आता थोडं थोडं देऊन बघू. त्यासाठी मुलाला हॉस्पिटलात अर्धा दिवस बसवलं. आधी दाण्याएवढं उकडलेलं अंडं, मग अर्धा तास थांबायचं, मग त्याच्या दुप्पट. नर्स दर थोड्या वेळाने त्याच्या पोटावर, पाठीवर बघून जात होती. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. त्याची बहीण हट्टाने शाळा बुडवून आली होती आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी पुस्तक धरून बसली होती. तासभर तिने एक पान उलटलं नाही. दुपारपर्यंत काही झालं नाही. डॉक्टरांनी हसून सांगितलं, छान, आता घरी रोज इतकं इतकं द्या, पुढच्या महिन्यात वाढवू.

घरी येताना मी दुकानातून अंडी आणली, घरात चार वर्षांहून अधिक काळानंतर प्रथमच. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उकडलं, सांगितलं होतं तेवढा तुकडा कापला आणि त्याच्या ताटात ठेवला. आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे होतो. त्याने त्यातला अर्धा तोंडात घातला, चावला, तोंड वाकडं केलं आणि मराठीत म्हणाला, "वास येतो. मला नको."

मुलगी आधी हसली, मग तिला हसू आवरेना. तिने त्याच्या ताटात उरलेल्या तुकड्यावर थोडं मीठ घातलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.